आढ्याला टांगलेले पंख

“हात लावू नगा, ताई,” म्हातारा धनगर सावळाबाबा म्हणाला, तोवर नूतननं शिडीवर चढून घोंगडीची गाठ सोडलीसुद्धा होती.

शेळ्यांच्या वाड्यात आढ्याला पंधरा-पंधरा फुटांची दोन गाठोडी टांगलेली होती. घोंगडीच्या आत कीड लागू नये म्हणून घातलेला निरगुडीचा वाळलेला पाला, आणि पाल्याखाली तिच्या वडिलांच्या विमानाचे पंख. पन्नाशीच्या बाईला शिडीवर उभ्याउभ्या रडू फुटलं. खाली शेळ्या रवंथ करत तिच्याकडं बघत राहिल्या.

विमान छोटंसं, दोघांपुरतं, लाकडी पंखांचं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्याचं इंजिन हवेतच बंद पडलं आणि तिच्या वडिलांनी, मानसिंगनानांनी, ते वेल्ह्याच्या वरच्या या माळावर कसंबसं टेकवलं. ना फोन, ना निरोप. दीड दिवस घरी कुणाला काही कळलं नाही, आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. धनगरांनी मदत केली, पंख सोडवले आणि धड तेवढं खाली उतरवलं. पंख मागाहून न्यायचे होते. मग एक दिवस नानांनीच घरी सांगितलं, पंख गेले, कुणीतरी सरपणाला नेले.

नूतनचं सगळं लहानपण त्या बिनपंखी धडात गेलं. रविवारी नाना तिला शेडमध्ये नेत, पुढच्या खुर्चीत बसवत, आणि बापलेक जागच्या जागी सिंहगड, तोरणा, पानशेत करून येत. उतरताना नाना हमखास उसासा टाकत, “पंख असते तर.” आई या सहलींना कधी आली नाही. पोहे गार होताहेत, एवढाच तिचा निरोप यायचा. 

नाना गेले. यंदा नूतननं विंझरच्या त्याच शेडमध्ये नवे पंख करायला घेतले. आठ महिने खपली. नकाशा कुठं मिळेना, म्हणून जुन्या फोटोंवरून अंदाजानं पंखांच्या बरगड्या कापल्या. विमानाचे तपासनीस आले, मापं घेतली आणि म्हणाले, पंखांचा बाक चुकलाय. मूळ पंखांचा नमुना आणा, नाहीतर नाद सोडा. नाद सोडणं नूतनला जमण्यासारखं नव्हतं. नानांचं तेवढं एकच राहून गेलं होतं. त्याच आठवड्यात मेडिकलच्या दुकानातली कोमल शेडमध्ये डोकावली आणि सहज बोलून गेली, “असलं कायतरी आमच्या आजेसासऱ्यांच्या वाड्यात टांगलंय की.”

“खाली टेम्पो उभा आहे, बाबा. आजच नेते,” नूतन डोळे पुसत म्हणाली.

“न्हाई न्यायचं.” म्हातारा शिडी धरून उभा राहिला. “सायबास्नी शबूद दिलाय. ते म्हनालेत, म्या सोता मागाया आलो तरी देऊ नगंस.”

“नाना जाऊन सहा वर्षं झाली.”

“ठावं हाय मला. शबूद हाय की अजून.”

वयानं भ्रमिष्ट झालाय, नूतनला वाटलं. तिनं वाद घातला नाही, पंखावरचा पाला बाजूला सारला आणि थबकली. पंचेचाळीस वर्षांचं कापड बोट लावलं तरी फाटायला हवं होतं. हे कसं ताठ, ताणलेलं होतं. मेणाच्या दोऱ्यानं ते बरगड्यांना शिवलं होतं, आणि दोन-दोन बोटांवर पडलेली प्रत्येक गाठ आत दडवली होती, वारा अडू नये म्हणून. ही गाठ तिच्या ओळखीची होती. दप्तराचा पट्टा तुटला तेव्हा नानांनी तिला हीच घालायला शिकवली होती.

“हे कापड कुणी चढवलं, बाबा?”

“सायबांनीच की. दरसाल दसरा झाला की यायचे. दोन दीस ऱ्हायचे. किडकी बरगडी बदलायचे, टाकं घालायचे. म्या पल्याडनं दोरा वढायचो.”

दसरा झाला की नाना दरसाल राजगडाला जातो म्हणून निघत. गुंजवण्याच्या वाटेनं, एकटेच. आई सोबत दशम्या बांधून देई. नूतन शिडीवरून खाली उतरली. तिला राग आला, अगदी लहान पोरीसारखा आला. पंख कुठं आहेत हे नानांना पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी दर रविवारी ते तिच्यासमोर हळहळत बसायचे.

“फसवलं मला त्यांनी,” ती म्हणाली.

सावळाबाबानं मुंडासं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं. मग बेतानं विचारलं, “आईसाब बऱ्या हायेत न्हवं?”

“गेल्या माघात गेली आई.”

 म्हाताऱ्यानं दारातून बाहेर डोकावून थोरल्या लेकाला, सिद्धनाथला, हाक मारली. पंख खाली घ्यायचेत, चार माणसं आण, म्हणाला. आणि आढ्यावरून आलेला दोर खांबाला बांधला होता, त्याची गाठ तो सोडायला लागला.

“आत्ता तर नाही म्हणत होता,” नूतन म्हणाली.

“आता सरला शबूद.” दोर हळूहळू सैल करत सावळाबाबा म्हणाला. “सायेब आईसाबांबद्दल म्हनायचे, पंख तुज्याकडं हायेत तवर तिला झोप लागती.”