आठचा ठोका

पुलाच्या तोंडाशी केरबा चिंब भिजून उभा होता, हातात जुनी खुणांची काठी. नदीची पातळी मोजायचं त्याचं काम वर्षापूर्वी परागने बसवलेल्या यंत्राकडे गेलं होतं.

"पूल पाण्याखाली गेला, तशी शाळेची गाडी मीच काठी आडवी धरून थांबवली, साहेब. यंत्राचा निरोप आला नाही का?"

परागने लॅपटॉप उघडला. निरोप आला होता, पण वीस मिनिटं उशिरा. आठच्या ठोक्याला तालुक्यातली सातशे यंत्रं एकदम बोलू लागली, आणि टॉवरला कुणाचंच ऐकता आलं नाही.

"यंत्राला रागावू नका," केरबा म्हणाला. "नवीन आहे, शिकेल."

अहवालाचे रकाने सारखे दिसावेत म्हणून सगळ्या यंत्रांना आठचीच वेळ परागने नेमून दिली होती. त्याला मान वर करवेना.