अकरा गोळ्या

“आजी, आज वार कुठला?” डॉक्टरांनी विचारलं.

“गुरवार,” राहीबाई म्हणाली. “तुमच्याकडं क्यालिंडर न्हाई व्हय?”

अंकिता हसली नाही. सात महिन्यांच्या शिवतेजला तिने एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. कुंडलहून सांगलीला येताना तिने सासूच्या एमआरआयचा रिपोर्ट चौथ्यांदा वाचला होता. मेंदूच्या पांढऱ्या भागात बदल. पुढचं सगळं मोबाईलने सांगितलं होतं. तोल जाणं, विसरणं, शेवटी घरची माणसं न ओळखणं.

“शंभरातून सात गेले?”

“त्र्याण्णव.”

“त्यातून आणखी सात?”

राहीबाईने पदर तोंडाला लावला. “आवं, मी काय शाळंत गेले व्हय?”

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. अंकिताने मान उंचावली, पण तिला ते दिसलं नाही. मग तिने पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली.

“डॉक्टर, महिन्याच्या तीस गोळ्या आणल्या होत्या. बीपीच्या. महिना काल संपला. अकरा उरल्यात. विचारलं की आत्या म्हणतात, घेतली. त्यांना आठवतच नाही. आणि पंधराएक दिवसांपूर्वी बाळाला घेऊन उंबऱ्यात अडखळल्या. कपाट धरलं म्हणून वाचली दोघं. तेव्हापासून मी...”

“तवापासनं ही लेकरू माज्या हातात देत न्हाई,” राहीबाईने वाक्य पुरं केलं. “आमच्या गल्लीतली निम्मी पोरं मी न्हाऊ घातल्यात. आन ह्येला ही टबात घालती. चमच्यागत, दोन बोटांत धरती.”

सोमवारी अंकिताची रजा संपत होती. पलूसच्या शाळेत हजर व्हायचं होतं. नवरा लेहला ड्यूटीवर. बाळाला ठेवायला राहीबाईशिवाय कोणी नव्हतं, आणि राहीबाईपाशी ठेवायची छाती होत नव्हती.

डॉक्टरांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “हे पांढरे ठिपके बघा. अडुसष्टाव्या वर्षी थोडे बहुतेकांना दिसतात. यांचेही थोडेच आहेत. आत फार बारीक रक्तवाहिन्या असतात. वर्षानुवर्षं बीपीचा ताण पडला की त्या खराब होतात.”

“ड्रिपच्या नळीगत,” राहीबाई म्हणाली. “मोटरचा जोर वाढला की बारक्या नळ्या पयल्या जात्यात. मग कडंचा ऊस पिवळा पडतोय.”

“तसंच. मग मोटरवर लक्ष नको? गोळी का राहते?”

“ऱ्हात न्हाई. घेते की.”

“अकरा उरल्यात, आजी.”

“त्या उपासाच्या.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “उपासाच्या म्हणजे?”

“आवं, गोळीत काय घालत्यात कुणाला ठावं. उपासाला चालती का न्हाई, कोन सांगनार? आन तुमच्या कागदावर लिवलंय, न्याहारीनंतर. उपासाला कुठली आली न्याहारी?” राहीबाईने अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. “चार सोमवार. चार गुरवार. आठ झालं. दोन एकादशी, धा. एक संकष्टी.” अंगठा थांबला. “अकरा. मोजून घ्या.”

कोणी मोजल्या नाहीत. अंकिताने कालपासून त्या इतक्यांदा मोजल्या होत्या की पाकिटाचा चांदीचा कागद मऊ झाला होता. अकरा वेळा विसरल्या, असं तिने धरलं होतं. राहीबाई एकदाही विसरली नव्हती.

“अडखळल्या तो वार कुठला?” डॉक्टरांनी विचारलं.

“सोमवार,” अंकिता म्हणाली. “आत्या, मला सांगायचं तरी!”

“तू इचारलंस, गोळी घेती का. घेते म्हनलं. उपासाला घेती का, असं कवा इचारलंस?”

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. “आजी, झालेले ठिपके पुसता येत नाहीत. वाढू द्यायचे नाहीत, एवढं आपल्या हातात आहे. गोळी रोज, उपाशीपोटीसुद्धा. रोज चालायचं. मीठ कमी.”

“उपासाला मी शेंदेलोनच खाते.”

“तेही मीठच. आणि तोल अजून तपासू. तोवर बाळाला घेऊन चालायचं नाही, पायरी उतरायची नाही. बसून घ्या.”

“न्हाऊ बसूनच घालत्यात,” राहीबाई अंकिताकडे न बघता म्हणाली.

“मग घाला.”

राहीबाई उठली नाही. “गोळीचं लिवून द्या. तोंडी नगं.”

डॉक्टरांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘उपासाला चालते’, आणि खाली सही केली.

बाहेर बाकावर बसल्यावर राहीबाईने तळहात पुढे केला. अंकिताच्या एका हातात गोळ्यांचं पाकीट, खांद्याला पाण्याची बाटली, कडेवर बाळ. गोळी काढायला दुसरा हात मोकळा नव्हता. ती घटकाभर तशीच उभी राहिली. राहीबाईने गुडघे जुळवले आणि मांडीवरचं लुगडं सारखं केलं.

अंकिताने शिवतेजला त्या मांडीवर ठेवलं.

गोळी घशाखाली गेली. पाण्याचे चार थेंब बाळाच्या टाळूवर पडले, ते राहीबाईने सवयीने तळव्याने जिरवले. शिवतेजने डॉक्टरांची चिठ्ठी धरली आणि तिचा कोपरा सरळ तोंडात घातला. अंकिताचा हात पुढे झाला, आणि तिथेच राहिला.

“खा रं,” राहीबाई म्हणाली. “उपासाला चालतंय.”