टाकीमागची जागा

केतनने चौथ्यांदा तीच ओळ टाइप केली, एंटर दाबलं आणि पडद्याने चौथ्यांदा तेच सुनावलं: पोर्ट आधीच वापरात आहे, सर्व्हर सुरू करता येत नाही. म्हणजे आत यायचं दार कुणीतरी आधीच अडवलंय, एवढं त्याला कळलं. कुणी, ते कळेना.

पाच चाळीस झाले होते. रविवारी पाचची वेळ त्यानेच दिली होती. 'आपला जुना गेम, तोच मॅप, सर्व्हर मी लावतो,' असा मेसेज आठ दिवसांपूर्वी मिथुनला पाठवला, खाली सर्व्हरचा पत्ता. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. भांडण म्हणावं तर तेही झालं नव्हतं, बोलणंच बंद पडलं होतं. तरी राहवेना, म्हणून त्याने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढला, जन्मात न पाहिलेलं लिनक्स त्यावर चढवलं आणि दुपारपासून त्याच्याशी झटत बसला.

शाळा सुटली की दोघं घाटकोपरला नानांच्या सायबर कॅफेत धावायचे. शेजारशेजारच्या खुर्च्या, वेफर्सच्या एकाच पुडीत दोघांचे हात. गेममध्येही जागा ठरलेली, पाण्याच्या टाकीमागे. मिथुन उजवीकडे, केतन डावीकडे. एक मेला की तो परत येईपर्यंत दुसरा तिथून हलायचा नाही. नाना वैतागून म्हणायचे, "घरी जा रे, तुमच्या आया मला शिव्या घालतील." आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. केतन त्या फुटपाथने जायचंच टाळतो.

शेवटी त्याने धाकट्या बहिणीला फोन लावला. तेजल आयटीतली.

"तेजू, वाट लागली. सर्व्हर उठतच नाहीये."

"तू पहिल्यांदा चालू केलास तेव्हा काय आलं?"

"काहीच नाही. नुसता गप्प. म्हणून मग दुसऱ्या पद्धतीने लावायला गेलो, तर म्हणतो पोर्ट कुणीतरी घेतलाय."

"तूच घेतलायस, दादा. पहिल्या फटक्यातच चालू झालाय तो. लिनक्स बिघडलं तरच बोलतं. गप्प आहे म्हणजे चालू आहे."

"असं कसं रे देवा," केतन पुटपुटला आणि फोन ठेवला.

त्याने गेम उघडला, पत्ता टाकला. खेळाडूंची यादी आली. तिच्यात त्याच्याआधी एकच नाव होतं, मिथुनचं शाळेतलं, तेच चुकीच्या स्पेलिंगचं. पुढे आत आल्यापासूनचा वेळ: चाळीस मिनिटं.

गोदामं ओलांडून, जिना उतरून केतन थेट टाकीमागे गेला.

मिथुन उजवीकडे उभा होता, बंदूक खाली करून. डावी बाजू त्याने मोकळी ठेवली होती.