तुलनेपुरतं बी

हसका शहराजवळच्या बीज-संशोधन केंद्रात रगद संख्याशास्त्र शिकत होती. चाचणीला चाळीस नवी वाणं होती, आणि प्रत्येक पट्ट्यात तुलनेपुरता तिच्या बापाच्या शेतातला जुना काळा सातू पेरला होता. यंदा पावसानं दडी मारली. चाळीसच्या चाळीस वाळली. ओंब्या धरल्या त्या फक्त काळ्या सातूनं.

"एकाला पीक आणि बाकी शून्य. एवढ्या तफावतीवर गणित बसत नाही," तिला शिकवणारे उस्ताद म्हणाले. "चाचणी बाद धर."

तिनं वहीत काट मारली.

घरी चहा ओतता ओतता बापानं विचारलं, "आपला सातू कसा आला गं?"

"यंदाची चाचणीच बाद झाली, याबा."



"होणारच," तो म्हणाला. "असल्या दुष्काळात आपलं जुनं बी कुठलं तग धरतंय."