बालाघाटची सून

पोलिसांची गाडी दारात थांबली तेव्हा पंजाबराव ओट्यावर दात कोरत बसले होते. म्हणजे बसल्यासारखे दिसत होते. डोळे सकाळपासून रस्त्यावर होते.

घरात बांगलादेशी बाई असल्याचा अर्ज पोलिसांत आलाय, असा निरोप त्यांना कालच कुणीतरी दिला होता. तेव्हापासून आत एकच घोकंपट्टी चालली होती.

"गाव?" पंजाबरावांची बायको रुखमाबाई सुनेला विचारायच्या.

"बालाघाट."

"बापाचं नाव?"

"रामलाल."

"एक शब्द जास्तीचा बोलली त मुस्काट फोडीन."

याच पंजाबरावांनी पंधरा दिवसांपूर्वी ग्रामसभेत माइक हिसकावून घेतला होता. फरशी बसवायला आलेल्या परक्या मजुरांना सीमेपार हाकला म्हणून घसा कोरडा केला होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसतं माणसाला.

त्यांच्या मुलाला, गोकुळला, अडतिसाव्या वर्षापर्यंत कुणी पोरगी दिली नाही. शेवटी दलालानं ही आणून दिली, सीमेपलीकडची. लग्नात गोकुळनं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'निशिगंधा' लिहिलं. सुनेचं नाव आपल्याकडे बदलतातच, त्यामुळे आधीचं कुणी विचारलंही नाही. याच नावाचं आधार कार्ड निघालं आणि ती मध्य प्रदेशातल्या बालाघाटची झाली. आता कार्ड खोटं ठरलं तर सून जाणार, आणि दुसरी काही मिळणार नव्हती.

फौजदार सुचिता मॅडम खुर्चीत बसल्या. कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"अर्ज कोणाचा हाये, ते सांगा पहिले," पंजाबराव म्हणाले.

"नाव नाही त्यावर."

"काऊन ठेवन तो नाव? गोविंदाच हाये. वावराला वावर लागून हाये, धुऱ्यावरून भांडन हाये आमचं."

गोविंदाच्या घरी जाऊन गोकुळ सकाळीच त्याची कॉलर धरून आला होता. गोविंदा पोरांच्या शपथा घेत होता, पण अशा वेळी शपथेला कोण विचारतो.

मॅडमनी सुनेला समोर बोलावलं. ती डोक्यावर पदर घेऊन आली. गोकुळ तिच्या मागेच उभा राहिला.

"गाव कोणतं तुमचं?"

"बालाघाट."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"पाच."

"माहेरी जाता ना?"

"जाते न," रुखमाबाई मध्येच बोलल्या. "दिवाळीलेच जाऊन आली."

पाच वर्षांत ती गावच्या बसथांब्यापर्यंतही एकटी गेली नव्हती. तिला फोन नव्हता. बाहेरचं कुणी तिच्याशी बोलायचं तर त्या औषधाच्या गोळ्या वाटत घरोघरी फिरणाऱ्या आशाताई. रुखमाबाई इतकं गोड बोलतात हेही तिनं आजच ऐकलं.

मॅडमनी दोन ओळी लिहिल्या. "कागद तर बरोबर दिसतात. कुणीतरी खोडसाळपणा केलाय. या जबाबावर अंगठा द्या, विषय संपला."

पंजाबरावांनी मोकळा श्वास घेतला. गोविंदाला आता जिता सोडायचा नाही, हेही त्यांनी मनात ठरवून टाकलं.

"सूनबाई, अंगठा दे अन् च्या मांड मॅडमले."

सुनेनं कागद हातात घेतला, मॅडमच्या पुढ्यात परत ठेवला आणि पहिल्यांदाच मान वर केली.

"गोविंदाभाऊले काही करू नोका," ती म्हणाली. "थो अर्ज मीच आशाताईकडून लिवून घेतला. मले मायजवळ जायाचं हाये, मॅडम. पाठवून द्या."