दहा, एक, चार

टक् करून फ्रिजवरचं चुंबक खाली पडलं आणि घरातली शांतता मोडली. तिने आधी पाळण्याकडे पाहिलं. दहा महिन्यांचं बाळ हललं नाही. सासूबाई फिरायला गेल्या होत्या. चार वर्षांची लेक जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. संध्याकाळचा हा अर्धा तास तेवढा तिचा स्वतःचा, आणि आज तोही साहेबांच्या कामात चालला होता.

ती एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायची. डबलबेडच्या चादरीला चार हात लागतात. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, ताणायची, मग चालत जवळ येऊन टोकाला टोक जुळवायचं. महिन्याभरापूर्वी तिला नवी जोडीदारीण मिळाली होती, दुसऱ्या शाखेतून बदलून आलेली. दिवसातून दोनशे वेळा दोघी समोरासमोर येत, बोटाला बोट लागे, पण ती बाई कामापुरतं बोलून मागे सरकायची. आणि दिवसातून तीनदा हातातली टोकं खाली ठेवून, "आलेच" म्हणत बाथरूम गाठायची. पंधरा-पंधरा मिनिटं. तोवर हिने एकटीने चादरीशी कुस्ती खेळायची. इस्त्रीवाल्या मावशींनी त्या बाईचं नाव घड्याळबाई पाडलं होतं. कुणी म्हणे फोनवर बोलत बसते, कुणी म्हणे सिगरेट ओढत असणार. तक्रार मात्र हिनेच केली होती. साहेब म्हणाले, आठवडाभर वेळा लिहून आणा, मग तिला ठेवायचं की नाही ते बघतो.

वही समोर उघडी होती. दहा, एक, चार. दहा, एक, चार. सहा दिवस, पाच मिनिटांचाही फरक नाही.

चुंबक उचलायला ती उठली. त्याच्यासोबत एक जुना कागद खाली आला होता. तिचंच अक्षर. बाळंतपणानंतर कामावर परत जाताना तिने सासूबाईंसाठी लिहून ठेवलेला आणि मग काढायचाच राहून गेलेला. 'बाटली कोमट पाण्यात ठेवणे. दहा, एक, चार.'

ती उकिडवी बसली ती तशीच बसून राहिली.

सहा महिन्यांपूर्वी याच वेळांना ती स्वतः लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, टॉवेलांच्या कपाटाआड बसून दूध काढायची. तेव्हाची जोडीदारीण काही न विचारता सांभाळून घ्यायची. वेळ टळली की छाती दगडासारखी व्हायची आणि अंगावरचं सगळं भिजायचं. घड्याळबाई एकावर एक दोन एप्रन चढवते म्हणून सगळ्या हसल्या होत्या. तीही हसली होती. इतक्या लवकर कसं विसरतं माणूस.

तिने वहीचं पान फाडलं. मग माळ्यावरच्या डब्यातून झाकणाची छोटी बाटली शोधून काढली आणि पाण्यात उकळायला टाकली. कुणासाठी, लेकीने विचारलं. कामावर एक मावशी आहे, तिच्या बाळासाठी, ती म्हणाली. बाटली वाळल्यावर लेकीने आपल्या खजिन्यातलं पिवळ्या बदकाचं स्टिकर तिच्यावर चिकटवलं. बाळाला आपली बाटली ओळखता आली पाहिजे ना, असं तिचं म्हणणं.

सकाळी ती साहेबांपुढे उभी राहिली. तक्रार चुकीची होती, म्हणाली. जोडीदारणीला तीनदा पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मी उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालीन, त्यांना दोनच हात पुरतात. संध्याकाळी काम कमी भरलं तर मला विचारा. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. तिला वेळ कशाला लागतो, ते त्यांना हवं होतं.

"बायकांचं आहे साहेब."

साहेब लगेच कागद चाळायला लागले. बरं बरं, म्हणाले, अभ्रे तर अभ्रे.

दहा वाजता घड्याळबाईने टोकं खाली ठेवली, तेव्हा ती तिला मागच्या खोलीत घेऊन गेली. खुर्ची दाखवली, आतली कडी दाखवली, कोपऱ्यातलं बेसिन दाखवलं. वेळा लिहीत होते, असं कबूल केलं आणि माफी मागितली. बाथरूममध्ये ताटकळत कशाला उभ्या राहता, म्हणाली, मीही इथेच बसायचे. मग पिशवीतून बाटली काढून तिच्या हातात दिली. उकळून आणलीय, पलीकडे फ्रिज आहे, संध्याकाळपर्यंत दूध चांगलं राहतं.

घड्याळबाईने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. बदकावरून अंगठा फिरवला. मग टोकाला टोक जुळवावं तितक्या जपून बाटली परत तिच्या हातात ठेवली.

"खोली चालेल, ताई. बाटली नको. मी ओतूनच देते."

"अहो, वाया का घालवता?"

"डॉक्टर म्हणाले, आपोआप आटेल," घड्याळबाई म्हणाली. "दुधाला कळायला वेळ लागतो."

आतून कडी लागली. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि अभ्र्यांच्या घड्या घालत राहिली. इस्त्रीवाल्या मावशी काहीतरी चेष्टा करायला आल्या. तिचा चेहरा पाहून तशाच परत फिरल्या.

संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या, बाळाला कडेवर घेतलं आणि जरा जास्तच घट्ट धरलं. लेकीने नेहमीसारखी पिशवी उपसली. बाटली तिच्या हाताला लागली. कोरडी, तशीच्या तशी, बदकासकट. तिने ती उलटी करून पाहिली, मग आईकडे पाहिलं.

"आई, त्या बाळाला बदक आवडलं नाही का?"