आत्याचा पासपोर्ट

"अक्षता सगळ्यांना देऊन या हो. इटलीला येतंय कोण?" बायको म्हणाली, म्हणून मी निम्म्या कराडात पत्रिका वाटल्या. लेकीचं लग्न तिकडच्या एका द्राक्षमळ्यात, पाहुणे मोजून चाळीस. गावातले सगळे "नक्की येतो" म्हणाले आणि पेढा खाऊन विसरले.

आत्या तेवढी विसरली नाही. मला लहानाचं मोठं तिनंच केलेलं, पण चाळिसांत तिचं नाव नव्हतं. परवा गेलो तर तिनं कोरा पासपोर्ट पुढ्यात ठेवला. "पोलीस चौकशीला आला, त्याला चहा पाजला. कानटोपी विणली. तिकडं थंडी असती म्हणं. तिकीट कधी काढतोयस?"

मी पासपोर्टातला तिचा घाबरलेला फोटो बघत बसलो. "आत्या, तिथं जिने फार आहेत गं."

तिनं पासपोर्ट माझ्या हातातनं काढून घेतला. मग हसली. "बरं झालं सांगितलंस. माझे गुडघे कुठं साथ देतात?"

"असं कसं? यायलाच पाहिजे!" मी लगेच म्हणालो. आता म्हणायला हरकत नव्हती.

निघताना तिनं कानटोपी माझ्याच डोक्यावर चढवली. "तुलाच बाधते थंडी, लहानपणापासनं."